फाइलीत पन्नास, चालू आठच: टॉवेलच्या कारखान्यातला अडकलेला टॉमकॅट

पावणेबाराला डिस्पॅचच्या अण्णांचा फोन आला, "ओ, हैदराबादची गाडी भरून उभी हाय दारात, बिल निघंना झालंय, नुसतं गोल गोल फिरालंय." मी तेव्हा सोलापुरात सात रस्त्याला रिक्षात होतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीला पोचायला अर्धा तास तरी लागणार होता. माल ५० हजारांच्या वरचा आणि राज्याबाहेर जाणारा, म्हणजे ई-वे बिल पाहिजेच, आणि आधी बिल निघाल्याशिवाय ई-वे बिल कशावर काढणार. मागनं ड्रायव्हरचा हॉर्न ऐकू येत होता. अण्णांना म्हणलं रीस्टार्ट करू नका, मी येईपर्यंत तसंच राहू द्या. त्यावर ते जे बोलले ते इथं लिहीत नाही.

त्या महिन्यातली ही सहावी-सातवी वेळ. दर वेळी ऑफिसमधला पोरगा भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरची कमांड बघून टॉमकॅट, म्हणजे कारखान्याचं ॲप ज्यावर चालतं तो सर्व्हर प्रोग्रॅम, रीस्टार्ट करायचा, दोन मिनिटात सगळं सुरळीत, आणि कारण मात्र रीस्टार्टबरोबर पुसलं जायचं. म्हणून यावेळी अडकलेल्या अवस्थेतच बघायचं ठरवलं होतं. पूर्ण प्रकरण लिहून ठेवतोय कारण यात एक नाही तीन गोष्टी एकमेकीत गुंतलेल्या होत्या आणि त्यातल्या निदान दोन माझ्याच हातनं झालेल्या.

आधी सेटअप सांगतो. टेरी टॉवेल आणि नॅपकिनचा कारखाना, नाव नको. अकाउंटच्या मागच्या खोलीत एक लिनक्स सर्व्हर, पुढं ब्राउझरची रिक्वेस्ट घेऊन आत पाठवणारा एन्जिनएक्स, त्याच्यामागं ८०८० पोर्टवर टॉमकॅट, आणि त्याच मशीनवर मायएसक्यूएल हा डेटाबेस. ऑर्डर, सूत, गाठी, बिल, डिस्पॅच सगळं एकाच जावा ॲप्लिकेशनमध्ये, दिवसभरात चाळीसेक माणसं वापरतात. ॲप पुण्याच्या एका डेव्हलपरनं लई वर्षांपूर्वी लिहिलंय, सांभाळतोही तोच. सर्व्हरचं बघणं माझ्याकडं.

आणि अपग्रेड मीच केलं होतं. टॉमकॅट ७ चालू होता, त्याचा सपोर्ट ३१ मार्च २०२१ ला संपलेला, त्यानंतर त्याला सिक्युरिटीचे पॅच येत नाहीत, तरी चालतंय तर चालू दे म्हणून तसाच राहिला होता. शेवटी ९ वर नेला. १० वर न्यायचा विचारही केला नाही कारण १० मध्ये जावएक्स नावाची पॅकेजेस जकार्ता झालीत, जुनं ॲप तसंच्या तसं त्यावर उठत नाही. ९ वर ॲप एका दमात उठलं. वर एक फायदाही झाला: टॉमकॅट ७ यूआरएल डिफॉल्टनं आयएसओ-८८५९-१ समजून वाचायचा, ८ पासनं डिफॉल्ट यूटीएफ-८ आहे, त्यामुळं पार्टीचं नाव मराठीत टाकून शोधलं की आधी काहीच सापडायचं नाही ते आता सापडायला लागलं. अकाउंटच्या काकांनी खूश होऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला घातली. अपग्रेड चांगलंच झालंय असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, माझ्यासकट. पहिला हँग चार दिवसांनी आला, म्हणून अपग्रेडचा संबंध कुणी लावलाच नाही.

मग जे होतं तेच झालं, ज्याला जे येतं त्यानं ते केलं. मी जावाची मेमरी वाढवली, एक्सएमएक्स २ जीबीवरनं ६ जीबी, काही फरक नाही. नेटवाल्याला बोलवून राउटर बदलला, जो लोकल नेटवर्कवरच्या सर्व्हरला काय मदत करणार होता देव जाणे. शेठच्या पुतण्यानं कुठंतरी वाचलं की एन्जिनएक्समधला प्रॉक्सी रीड टाइमआउट ६० सेकंदांवरनं ३०० करा. ते मी करू दिलं नाही. माणूस एक मिनिट वाट बघतोय त्याऐवजी पाच मिनिटं बघेल, एवढाच बदल त्यानं होणार होता.

पण त्या ६० मध्येच पहिला धागा होता. पान बरोबर एक मिनिट फिरायचं आणि मग ५०४ यायचा, गेटवे टाइमआउट. मागचं दारच बंद असेल, म्हणजे टॉमकॅट मेलेला असेल, तर एन्जिनएक्स लगेच ५०२ देतो. ५०४ म्हणजे दार उघडं आहे, आत माणूस बसलाय, कागद घेतलाय, पण उत्तर देईना. म्हणजे टॉमकॅट जिवंत आहे आणि कशाची तरी वाट बघतोय.

पोचलो तेव्हा गेटजवळ हमाल गाठींवर बसून होते, ऑक्टोबरची हीट, अण्णा घामाघूम. खोलीत गेलो आणि पहिल्यांदा टॉप लावला. सीपीयू ३ टक्के. मेमरी भरपूर रिकामी. डिस्क शांत. चाळीस माणसं बोंबलतायत आणि मशीन निवांत, याला मी ओव्हरलोड म्हणायला तयार नव्हतो. ओव्हरलोड झालेलं मशीन तापतं, ओरडतं, हे तर दुपारची झोप काढत होतं.

अजून एक गोष्ट बिलिंगच्या ताईंनी सांगितली जी फोनवर कुणी बोललं नव्हतं. सुरुवातीला म्हणे लॉगिनचं पान उघडतं, पासवर्ड टाकला की अडकतं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी लॉगिनचं पानही उघडायचं बंद होतं. हे ऐकून बरं वाटलं. लॉगिनच्या पानाला डेटाबेस लागत नाही, पासवर्ड तपासायला लागतो. म्हणजे आधी डेटाबेसवाल्या रिक्वेस्ट अडकतायत, माणसं एफ-५ दाबत राहतात, प्रत्येक एफ-५ ला टॉमकॅटचा एक नवीन थ्रेड, म्हणजे एक रिक्वेस्ट सांभाळणारा कामगार, त्याच रांगेत जाऊन उभा राहतो, आणि डिफॉल्ट २०० थ्रेड संपले की साधं पान द्यायलाही कुणी मोकळं राहत नाही. ब्राउझरनं नाद सोडला, एन्जिनएक्सनं ५०४ दिला, तरी आतला थ्रेड सुटत नाही, त्याला पुढचं जग निघून गेल्याचं कळतच नाही. टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगमध्येही हे दिसत नाही कारण त्यात ओळ पडते ती रिक्वेस्ट पूर्ण झाल्यावर, आणि इथं पूर्ण व्हायचा प्रश्नच नव्हता. मी आधी दोनदा ॲक्सेस लॉग बघून "ट्रॅफिक तर कमीच आहे" असं म्हणून गेलो होतो. कमी कसलं, अडकलेलं सगळं लॉगच्या बाहेर उभं होतं.

मग मायएसक्यूएलमध्ये शो प्रोसेसलिस्ट, उघडी कनेक्शन दाखवणारी कमांड. ॲपच्या युजरच्या ओळी मोजल्या: आठ. सगळ्या स्लीप. टाइमच्या कॉलममध्ये कुणी ९०० सेकंद, कुणी दोन हजार, एक तर सहा हजारांच्या पुढं. म्हणजे डेटाबेसकडं एकही काम चालू नाही, आठ कनेक्शन उघडी आहेत आणि कुणी वापरत नाही. पाच मिनिटांनी परत मोजलं, आठ. परत, आठ. सात नाही, नऊ नाही.

आता थ्रेड डंप, म्हणजे कुठला थ्रेड या क्षणी कुठं उभा आहे त्याची यादी. ती काढणारं जेस्टॅक चालवताना टॉमकॅट ज्या युजरनं चालतो त्याच युजरनं चालवावं लागतं, नाहीतर तो प्रोसेसला चिकटतच नाही. दहा-दहा सेकंदांनी तीन डंप घेतले, कारण एक डंप म्हणजे एक फोटो, त्यात उभा दिसलेला माणूस थांबलाय की चालताना टिपलाय ते कळत नाही. तिन्हीत तेच थ्रेड त्याच जागी. एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक आणि पुढं नंबर, अवस्था वेटिंग, पार्किंग, आणि स्टॅकमध्ये वरनं खाली येताना टेकफर्स्ट, मग जेनेरिकऑब्जेक्टपूलचं बॉरोऑब्जेक्ट, मग गेटकनेक्शन, आणि त्याच्याखाली ॲपचा कोड. असे १३७ थ्रेड. १३७ जण कनेक्शन पूलच्या, म्हणजे डेटाबेसची उघडी कनेक्शन वाटणाऱ्या आणि परत घेणाऱ्या भागाच्या, खिडकीसमोर रांगेत उभे होते.

त्यात तो टेकफर्स्ट शब्द महत्त्वाचा. पूलला "इतके सेकंदच थांब" असं सांगितलेलं असेल तर तिथं पोलफर्स्ट दिसतो आणि अवस्था टाइम्ड वेटिंग असते. टेकफर्स्ट म्हणजे मिळेपर्यंत उभा राहा, दिवस मावळला तरी चालेल. पण कॉन्फिगमध्ये तर दहा सेकंदांची मर्यादा मी स्वतः बघितली होती.

कॉन्फिग उघडली. रिसोर्सच्या ओळीत स्वच्छ लिहिलेलं: मॅक्सॲक्टिव्ह ५० (जास्तीत जास्त कनेक्शन), मॅक्सवेट १०००० (थांबायची मर्यादा, मिलिसेकंदात), रिमूव्हअबँडन्ड ट्रू (सोडून दिलेली कनेक्शन गोळा करा). फाइलीत पन्नास, मायएसक्यूएलमध्ये आठ. फाइलीत दहा सेकंद, डंपमध्ये अनंतकाळ. आणि आठ हा आकडा ओळखीचा होता, काही सांगितलं नाही तर या पूलचा डिफॉल्ट आठच आहे. म्हणजे सर्व्हर माझ्या फाइलीतलं वाचत होता पण मानत नव्हता.

गोष्ट अशी आहे. टॉमकॅट ७ मध्ये जो पूल आत येतो तो डीबीसीपी नावाच्या लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीचा, टॉमकॅट ८ पासनं डीबीसीपी २ आला आणि त्यात नावं बदलली. मॅक्सॲक्टिव्हचा झाला मॅक्सटोटल. मॅक्सवेटचा झाला मॅक्सवेटमिलिस. रिमूव्हअबँडन्डचे दोन झाले, एक ऑनबॉरो, कनेक्शन देताना गोळा करणारं, आणि एक ऑनमेंटेनन्स, ठरावीक वेळानं फेरा मारून गोळा करणारं. जुनं नाव दिसलं तर नवा पूल ते सोडून देतो आणि आपला डिफॉल्ट घेतो: कनेक्शन जास्तीत जास्त ८, थांबायची मर्यादा उणे १ म्हणजे मर्यादाच नाही, आणि सोडून दिलेली कनेक्शन गोळा करणं बंद. तीन ओळी, तिन्ही बाद. सर्व्हर उठायला अडत नाही, एरर येत नाही, पान उघडतं, बिल निघतं.

बरं गुपचूप सोडून देतो असंही नाही. कॅटलिना डॉट आउट या टॉमकॅटच्या लॉगमध्ये ग्रेप मारून शोधलं तर अपग्रेडच्या दिवसापासनं प्रत्येक रीस्टार्टला तीन वॉर्निंग पडलेल्या, आणि भाषा इतकी सरळ की लाज वाटावी: मॅक्सॲक्टिव्ह ही प्रॉपर्टी डीबीसीपी २ मध्ये वापरत नाहीत, मॅक्सटोटल वापरा, त्याचा डिफॉल्ट ८ आहे, तुम्ही ५० दिलंय ते दुर्लक्षित केलं जातंय. याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं. पण आमचं ॲप प्रत्येक क्वेरी त्याच लॉगमध्ये छापतं, फाइल फुगून बसलेली, आणि अपग्रेडच्या रात्री मी टेल लावून नुसती "सर्व्हर स्टार्टअप इन" ही ओळ यायची वाट बघत होतो. ती आली, मी लॅपटॉप मिटला आणि घरी गेलो. वॉर्निंग तिच्या थोड्या वरच होत्या.

इथं एक आडवळण घेतो, कारण नेटवर शोधाल तर उलटसुलट उत्तरं मिळतील. कुणी म्हणेल टॉमकॅट ९ ला मॅक्सॲक्टिव्हच चालतं, आमच्याकडं चालतंय. तोही खोटं बोलत नाही. टॉमकॅटबरोबर दोन पूल येतात. रिसोर्सच्या ओळीत फॅक्टरी म्हणून टॉमकॅट जेडीबीसी पूलचं नाव दिलेलं असेल तर तो दुसराच पूल, त्यात अजूनही मॅक्सॲक्टिव्ह आणि मॅक्सवेट हीच नावं आहेत आणि डिफॉल्ट १०० आणि ३० सेकंद. फॅक्टरी लिहिली नसेल तर डीबीसीपी. आमच्याकडं लिहिलेली नव्हती. तेव्हा कुणाचं उत्तर उचलायच्या आधी आपल्या ओळीत फॅक्टरी हा शब्द आहे का ते बघायचं.

गाडी दारात होती म्हणून डंप, प्रोसेसलिस्ट सगळं बाजूला काढून ठेवलं आणि रीस्टार्ट केला. बिल निघालं, गाडी सुटली. मग पुण्याला फोन.

डेव्हलपरनं तासाभरात नवीन वॉर फाइल, म्हणजे ॲपचं अख्खं पॅकेज, पाठवली, आतल्या मेटा-इन्फ फोल्डरमधल्या कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये तिन्ही नावं बदलून. टॉमकॅट बंद, वॉर बदलली, टॉमकॅट चालू, शेठला सांगितलं झालं काम. दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला परत अण्णा.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं की आपलं सगळं निदानच चुकलंय. प्रोसेसलिस्ट बघितली, परत आठ. लॉग बघितला, त्याच तीन वॉर्निंग, त्याच शब्दांत, मॅक्सॲक्टिव्ह ५०. पण नव्या वॉरमध्ये तर मॅक्सॲक्टिव्ह हा शब्दच नाही, मी झिप उघडून बघितलं. मग हा वाचतोय कुठली फाइल?

चहा पिताना लक्षात आलं. टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरात कॅटलिना, त्याच्या आत लोकलहोस्ट असा एक फोल्डर असतो, आणि त्यात ॲपच्या नावाची एक्सएमएल असेल तर तीच चालते, वॉरच्या आतल्या कॉन्टेक्स्ट फाइलीकडं टॉमकॅट ढुंकूनही बघत नाही. जुन्या सर्व्हरवर तिथं फाइल होती. अपग्रेड करताना "काही राहायला नको" म्हणून तो अख्खा फोल्डर मीच उचलून नव्यात टाकला होता. म्हणजे आम्ही पुण्यात, वॉरमध्ये, कोडमध्ये जे बदलत होतो ते सगळं कागदावर, आणि राज्य चालवत होती कोपऱ्यातली ती जुनी फाइल.

तेव्हापासनं मी फाइल उघडून "हे बघा पन्नास लिहिलंय" असं म्हणणं बंद केलंय, चालू सर्व्हरला विचारतो. टॉमकॅट मॅनेजरमध्ये जेएमएक्स प्रॉक्सी आहे, मॅनेजर-जेएमएक्स हा रोल दिलेला युजर लागतो, तिथं डेटासोर्सची चौकशी केली की मॅक्सटोटल किती, आत्ता वापरात किती, रिकामी किती, सगळे आकडे पानावर येतात. सर्व्हरवर स्क्रीन नसली तरी चालतं. त्या दिवशी तिथं मॅक्सटोटल ८ दिसला, मग कोपऱ्यातली फाइल दुरुस्त केली, रीस्टार्ट, मॅक्सटोटल ४०. चाळीस का तर मायएसक्यूएलची एकूण मर्यादा डिफॉल्ट १५१ आहे आणि त्याच डेटाबेसवर बॅकअप आणि अकाउंटचं एक्सपोर्टही चालतं, शिवाय चाळीस माणसं एकाच सेकंदाला बटन दाबत नाहीत.

इथंच हे प्रकरण संपलं असतं, पण मी तो जेएमएक्सचा आकडा संध्याकाळपर्यंत अधूनमधून बघत बसलो आणि तो आवडला नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबा खात असताना वापरात ३. चार वाजता ५. साडेसहाला ऑफिस रिकामं, दिवे बंद, वापरात ७. कुणी वापरत नसताना सात कनेक्शन वापरात कशी? चढत होता, उतरत नव्हता. म्हणजे कोडमध्ये कुठंतरी कनेक्शन घेतलं जातंय आणि परत ठेवलं जात नाही. लीक. आधी आठ होती तेव्हा आठ वेळा असं झालं की सगळं ठप्प, आता चाळीस वेळा झालं की ठप्प. मी बादली मोठी केली होती, भोक तसंच. आणि रात्रीत आपोआप सुटतील अशीही आशा नाही, आठ तासांनी मायएसक्यूएल झोपलेलं कनेक्शन आपल्या बाजूनं तोडतो पण पूलच्या वहीत ते "दिलेलं" म्हणूनच राहतं.

मग जुन्या टॉमकॅटवर इतकी वर्षं का अडकलं नाही? तिथंच तिसरी ओळ कामाची ठरली, रिमूव्हअबँडन्ड. ती चालू असेल तर पूल भरत आला की बराच वेळ न वापरलेली कनेक्शन जबरदस्तीनं परत घेतो. जुनी फाइल नीट वाचली तर त्या ओळीच्या वर एक कॉमेंट होती, इंग्रजी अक्षरात मराठी: तात्पुरतं, लीक सापडेपर्यंत. त्याचा फोटो काढून पुण्याला पाठवला. बराच वेळ नुसतं टायपिंग दिसत होतं, मग हात जोडलेला इमोजी आला.

लीक शोधायला लॉगअबँडन्ड ट्रू केलं, म्हणजे पूल जेव्हा असं कनेक्शन हिसकावून घेतो तेव्हा ते मुळात कोडच्या कुठल्या ओळीनं घेतलं होतं त्याचा पूर्ण माग लॉगमध्ये टाकतो. आणि दोन दिवस काहीच आलं नाही. इथं अजून एक खाच आहे जी मला डॉक्युमेंटेशन दुसऱ्यांदा वाचल्यावर कळली. ऑनबॉरोवालं गोळा करणं सारखं चालत नाही, वापरात असलेली कनेक्शन मॅक्सटोटल वजा तीनच्या वर गेली आणि रिकामी दोनपेक्षा कमी राहिली तरच. चाळीसच्या पूलला म्हणजे ३८ व्या कनेक्शनला. तोपर्यंत गप्प. म्हणून ऑनमेंटेनन्स चालू केलं, त्याला टाइमबिटवीनइव्हिक्शनरन्समिलिस हे लांबलचक नावाचं सेटिंगही द्यावं लागतं नाहीतर मेंटेनन्सचा फेराच होत नाही, ते ६०००० ठेवलं, एक मिनिट. अबँडन्डचा टाइमआउट डिफॉल्टच राहू दिला, ३०० सेकंद.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत लॉगमध्ये चार माग. चारही एकाच ठिकाणचे, पेंडिंग ऑर्डरचा रिपोर्ट. कोड बघितला तर सुरुवातीला कनेक्शन घेतलंय, पार्टीच्या पेंडिंग ऑर्डर मोजल्यात, शून्य असतील तर "ऑर्डर शिल्लक नाही" असं म्हणून तिथनंच रिटर्न. कनेक्शन बंद करायची ओळ पार खाली, रिपोर्ट छापून झाल्यावर. ऑर्डर असतील तर सगळं नीट, नसतील तर एक कनेक्शन गेलं.

हे मी डिस्पॅचच्या टेबलाजवळ उभा राहून डेव्हलपरला फोनवर सांगत होतो. अण्णा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे मी सांगालतो तेच की ओ."

आणि खरंच त्यांनी सांगितलं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या हँगला ते म्हणाले होते, आदल्या दिवशी मोठं लोडिंग झालं की दुसऱ्या दिवशी हे बसतंय बघा. आम्ही सगळे हसलो होतो. शेठचा पुतण्या म्हणाला होता, काय अण्णा, सर्व्हरला काय गाठी उचलाव्या लागतात का. आता हिशोब लावा: आदल्या दिवशी दोन-तीन गाड्या गेल्या म्हणजे बऱ्याच पार्ट्यांच्या ऑर्डरी पूर्ण झाल्या, सकाळी सेल्सची पोरं एकेक पार्टी उघडून काय शिल्लक आहे बघतात, बहुतेकांचं शून्य, आणि प्रत्येक शून्याला एक कनेक्शन गायब. आठ शून्यं झाली की बारा वाजले. सीझन नसताना पेंडिंग पडून राहायचं म्हणून हँग दोन-चार दिवसांनी यायचा, दिवाळीचं लोडिंग वाढलं तसा रोज यायला लागला. मी रॅम आणि राउटर मोजत होतो, आणि खरी नोंद अण्णांच्या लोडिंगच्या वहीत तारखेनिशी होती. नंतर ती वही घेऊन बसलो आणि हँगच्या तारखांशी लावून बघितली, सातपैकी सहा जुळल्या. सातवी रविवारनंतरचा सोमवार, लोडिंग शनिवारचं.

दुरुस्ती कोडमध्ये चार ओळींची. ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरलं की ब्लॉकमधनं कसंही बाहेर पडा, रिटर्ननं नाहीतर एररनं, कनेक्शन आपोआप परत जातं, जावा ७ पासनं ही सोय आहे. डेव्हलपरनं त्या निमित्तानं बाकीचे रिपोर्टही चाळले, अजून दोन ठिकाणी तोच प्रकार निघाला, क्वचित वापरातले म्हणून लॉगमध्ये आले नव्हते.

आता जे चालू आहे ते असं: मॅक्सटोटल ४०, मॅक्सवेटमिलिस १००००, म्हणजे पूल खरंच भरला तर दहा सेकंदात स्पष्ट एरर येते, टाइमआउट वेटिंग फॉर आयडल ऑब्जेक्ट, थ्रेड मोकळा होतो आणि लॉगिनचं पान तरी उघडं राहतं. लॉगअबँडन्ड चालूच ठेवलंय. ऑनमेंटेनन्स मात्र बंद करून ऑनबॉरोवर आलो, कारण मार्चएंडचा स्टॉक रिपोर्ट एका दमात पाच मिनिटांच्या वर चालतो आणि ३०० सेकंदांना त्याच्या हातातलं कनेक्शन हिसकावलं तर अकाउंटचे काका मला शेंगाचटणी काय, पाणीसुद्धा विचारणार नाहीत. कॉन्फ-कॅटलिना-लोकलहोस्टमधली फाइल काढून टाकली, आता एकच फाइल, वॉरच्या आतली. आणि भिंतीवरच्या कागदावर रीस्टार्टच्या कमांडच्या आधी दोन ओळी वाढवल्या, आधी जेस्टॅक आणि प्रोसेसलिस्ट फाइलीत साठवा, मग रीस्टार्ट. खाली पेननं पोरानं स्वतःच लिहिलंय: आधी फोटो, मग उपचार.

नवीन कोड टाकल्यावर अण्णांनी मुद्दाम आदल्या दिवशी तीन गाड्या काढल्या. सकाळी दहाला ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि पूर्ण झालेल्या पार्ट्या एकेक करून उघडायला लागले, मी जेएमएक्सचं पान रिफ्रेश करत होतो. शून्य, शून्य, एकदा एक, परत शून्य. बारावी पार्टी उघडून झाल्यावर ते उठले, "बसा तुम्ही," म्हणाले, "नांदेडची गाडी लागलीय."